म्हातारी उडताना दाखवा

५ जानेवारी

आत्या,

नमस्कार, तब्येतीची चौकशी, हवापाणी हे सगळं वरच्या मोकळ्या जागेत लिहिलंय असं समज. मला घाई आहे.

फोन तू उचलत नाहीस. बाबा म्हणाले, तिला फोनच्या काचेचा त्रास होतो, डोळ्यांचं काहीतरी चाललंय, पत्र लिही. काय चाललंय डोळ्यांचं?

काम असं. दोन वर्षं मी जो गेम बनवतेय तो एकदाचा तयार झालाय. एक इमारत असते, तिला भरपूर खिडक्या. एक खिडकी उघडली की वारा आत येतो, दुसरी उघडली की बाहेर जातो. त्या वाऱ्यावर एक म्हातारी तरंगत असते. आपली म्हातारी, पांढरी मऊ, पोटात बी असलेली, तू मला तळहातावर ठेवून फुंकायला शिकवायचीस ती. (मी फुंकायच्या ऐवजी टिचकी मारली आणि जन्मभरासाठी नाव लावून घेतलं.) त्या म्हातारीला गच्चीतल्या कुंडीत नेऊन टेकवायचं. झाला गेम. मारामारी नाही, वेळेची मर्यादा नाही. आमच्या ऑफिसची एकमेव खिडकी रंगाने चिकटून कायमची बंद झालीय, त्यातूनच हे सुचलं.

आता अडलंय कव्हरवर. फोनमध्ये एक दुकान असतं, तिथे प्रत्येक गेमचं टपालाच्या तिकिटाएवढं चित्र लावतात. लोक अंगठ्याने सरकवत जातात, आवडलं तर टिचकी मारतात. मालकांनी सांगितलंय, शंभर जणांना चित्र दिसलं तर निदान चार टिचक्या पडल्या पाहिजेत. नाही पडल्या तर गेम बंद, आणि मी 'टरबूज फोडा'च्या टीममध्ये. तिथे दिवसभर टरबूज फुटल्याचे आवाज एकमेकांशी ताडून बघायचे असतात. मी थट्टा करत नाहीये.

तू चौतीस वर्षं बियाण्यांच्या पाकिटांवरची चित्रं पास-नापास केलीस. माझीही कर. चित्रकार दुसऱ्या गावात असतो, त्याला मी लिहून पाठवलंय: 'म्हातारी खिडकीतून उडत बाहेर पडताना दाखवा. हलकीफुलकी. पांढरे केस चारी बाजूंना पसरलेले. वाऱ्यावर मजेत. खाली शहर.' त्याने नमुन्याला फोटो मागितला, तोही पाठवला. चित्रं आली की छापून पाठवते.

तुझी,
टिचकी


९ जानेवारी

टिचके,

तुझी घाई पोचली. पत्राच्या मागे मुळा दिसेल त्याकडे लक्ष देऊ नकोस, कंपनीने रद्दीत काढलेले जुने छापील कागद मी घरी आणले होते, ते अजून संपत नाहीत.

डोळ्यांना काहीही झालेलं नाही. फोन चकाकतो, एवढंच. तुझ्या बाबाला बातमी फुगवायची सवय लहानपणापासून आहे.

आता कामाचं. तू चित्रकाराला जे लिहिलंस ते मी दोनदा वाचलं आणि मला घाम फुटला. अगं, त्याने म्हातारी बघितलीय का? कुठे वाढला तो? आमच्याकडे काकडीच्या पाकिटासाठी मी एकदा नव्या चित्रकाराला लिहून दिलं होतं, 'काकडी कोवळी हवी, अंगावर बारीक लव दाखवा.' त्याने काकडीभर बारीक बारीक बदाम काढले. लाल. मी रजेवर होते, तीन हजार पाकिटं छापून गेली. पुढे कितीतरी वर्षं ऑफिसातले लोक मला 'काकडीवर प्रेम करणाऱ्या बाई' म्हणायचे. तेव्हा आजच्या आज त्याला कळव, म्हातारी म्हणजे कोणती.

चित्रं पाठव. माझी पद्धत तुला माहीत आहे, तरी लिहिते. चित्र भिंतीला लावायचं, सहा पावलं मागे जायचं, वळायचं, आणि एक आवंढा गिळेपर्यंत बघायचं. तेवढ्यात काय आहे ते कळलं तर पुढचं बोलायचं. दुकानात आलेलं माणूस पाकिटाला त्याहून जास्त वेळ देत नाही. दुसरा नियम, पाकिटावर जे आहे तेच आत पाहिजे. हा नियम पहिल्याहून मोठा आहे.

निवृत्त झाल्यावर सगळ्यांना भिंतीवरचं घड्याळ देतात. मी माझे दोन शिक्के मागून घेतले, 'चालेल' आणि 'चालणार नाही'. शाई अजून ओली ठेवते.

आत्या


१४ जानेवारी

आत्या,

तुझं पत्र एक दिवस उशिरा आलं.

चित्र आधी आलं. मी मालकांसमोर, सगळ्या ऑफिससमोर (म्हणजे आणखी तिघांसमोर) मोठ्या पडद्यावर उघडलं. खिडकीतून एक आजीबाई उडत बाहेर पडताहेत. ढगळ गाऊन, त्याला मोठा खिसा. पांढरे केस चारी बाजूंना पसरलेले. एका पायातली सपाता गळून खाली चाललीय. खाली शहर. हलक्याफुलक्या, वाऱ्यावर मजेत. माझा प्रत्येक शब्द त्याने पाळलाय.

मी त्याला फोन केला. म्हटलं, बी कुठाय? तो म्हणाला, बी कसली? मी म्हटलं, म्हातारीच्या पोटातली. त्याने माझा मजकूर मलाच पुन्हा वाचून दाखवला. मग हळूच म्हणाला, "ताई, तुमचा गेम नक्की कशाबद्दल आहे?"

समजावलं. त्याने दोन दिवसांत आणखी दोन चित्रं दिली. तिन्ही सोबत जोडलीत, तिकिटाएवढी. एक नंबर आजीबाई. दोन नंबर खरी म्हातारी, निळ्या आभाळात. तीन नंबरही खरी म्हातारीच, पण तिला डोळे आहेत आणि तोंड उघडून ती किंचाळतेय. ही मालकांची सूचना. त्यांचं म्हणणं, उघड्या तोंडावर टिचक्या जास्त पडतात. दुकान उघडून बघितलं तर खरंच, पहिल्या वीस गेमपैकी सतरा गेम किंचाळताहेत.

एक नंबर गंमत म्हणून पाठवतेय. तो मनावर घेऊ नकोस. अजिबात घेऊ नकोस.

टिचकी


२२ जानेवारी

टिचके,

परीक्षण केलं. फ्रिजच्या दारावर तिन्ही चिकटवली, सहा पावलांवर गॅसची शेगडी येते, तिथून बघितलं. सकाळच्या उजेडात एकदा, दुपारी एकदा. खालच्या मजल्यावरचे घड्याळजी रोज चारला चहाला येतात, त्यांनाही उभं केलं. ते आयुष्यभर मनगटी घड्याळं उघडत बसले, तिकिटाएवढ्या गोष्टींचा त्यांना अनुभव आहे.

दोन नंबर. पहिल्या आवंढ्याला वाटलं, बाटल्या धुवायचा ब्रश. दुसऱ्या आवंढ्यालाही ब्रशच, पण आकाशात.

तीन नंबर. ब्रशला दात आलेत. मालकांना माझा नमस्कार सांग.

एक नंबर. खरं सांगायचं तर लांबून कळतं ते हेच. बाई आहे, उडते आहे, सपाता पडली. आवंढा अर्धाच गिळून झाला होता. पण बाई बरी नाही. नाक केवढं काढलंय, आणि एकूण तोंडावळ्यावरून भांडकुदळ वाटते. असली बाई माझ्या वरच्या मजल्यावर राहायला आली तर मी घर बदलीन. घड्याळजींनी मात्र तीनदा विचारलं तरी एक नंबरलाच मत दिलं आणि मिशीत हसत बसले. का हसता विचारलं तर म्हणतात, काही नाही, चहा छान झालाय. चहात मी साखर विसरले होते.

तरीही एक नंबर चालणार नाही. कारण गेमच्या आत ती बाई नाही. मी नोकरीला लागले त्या वर्षी एक बाई टोपली घेऊन आमच्या ऑफिसात आल्या. पाकिटावर मुळे लाल होते, उगवले पांढरे. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्या टेबलावर एकेक मुळा मांडला, चौदा मांडले, आणि पाणी पिऊन निघून गेल्या. भांडल्या असत्या तर मी विसरले असते.

म्हणून दोन नंबर. चालेल. ब्रश तर ब्रश, पण खरा आहे.

आत्या


२९ जानेवारी

आत्या,

मालकांनी तिन्ही चित्रं दुकानात चाचणीला लावली. दर शंभरातल्या टिचक्या अशा. दोन नंबर, दोन. तीन नंबर, तीन. आजीबाई, नऊ.

नऊ, आत्या. 'टरबूज फोडा'लासुद्धा सात आहेत. मालक खुर्चीवरून उठून सगळ्यांशी हात मिळवत फिरले, एका सहकाऱ्याशी चुकून दोनदा.

आता माझी पंचाईत बघ. दोन नंबर लावला तर गेम बंद. एक नंबर लावला तर लोक आजीबाईंना भेटायला आत येणार आणि त्यांना बी भेटणार. तुझे चौदा मुळे माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. मालकांना सांगितलं तर म्हणाले, "अहो, दुकानात कोण खरं बोलतं?"

तर एक विचारायचं होतं. समजा एक नंबर लावायचा ठरलं, तर तुझी काही हरकत नाही ना? म्हणजे तुझी, स्वतःची, अशी? नसेल तर दोन ओळी लिहून खाली सही करून पाठवशील? कागद कुठलाही चालेल. मुळ्याचाही.

टिचकी


४ फेब्रुवारी

टिचके,

माझी सही कशाला हवी, हा विचार मी तीन दिवस करत होते. चित्रकार तुझा, गेम तुझा, मालक तुझे. मला वाटलं, तुला माझ्या अनुभवाचा दाखला हवा असेल. मी खूशसुद्धा झाले.

आज चार वाजता घड्याळजी आले ते डोळ्याचं भिंग खिशात घेऊनच. म्हणाले, बाई, आता पुरे झालं, हे लावा आणि एक नंबरचा खिसा बघा.

खिशावर गाजर आहे.

शेगडीची ठिणगी उडून गाऊनला भोक पडलं तेव्हा मी गाजराच्या आकाराचं ठिगळ लावलं होतं. या जगात खिशावर गाजर असलेला गाऊन एकच आहे आणि हे लिहिताना तो माझ्या अंगावर आहे. मग मी भिंग वर वर सरकवत नेलं. चष्म्याची दोरी माझी. कपाळावरची आठी माझी. नाक.

घड्याळजी म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही संकोचाने नापास करताय."

खुलासा कर. परतीच्या टपालाने.

तुझी भांडकुदळ,
आत्या


८ फेब्रुवारी

आत्या,

खुलासा.

चित्रकाराने नमुना मागितला तेव्हा माझ्याकडे म्हातारीचा एकच फोटो होता. मागच्या वर्षी तुझ्या गच्चीत काढलेला. तू तळहातावर म्हातारी धरलीयस आणि गाल फुगवून फुंकतेयस. मी तो पाठवला आणि खाली लिहिलं, 'म्हातारी, नमुना.'

चिडू नकोस. किंवा आधी पुढचं वाच आणि मग चीड.

चित्र बघितल्याबरोबर मी तुला ओळखलं होतं. तुला कळलं नाही तर बरं, अशी मनात आशा होती, आणि कळलं नाही म्हणून मी सुटल्यासारखी हसलेसुद्धा. मग कालचं तुझं पत्र पुन्हा वाचताना हसू थांबलं. आत्या, तू स्वतःला ओळखलं नाहीस. तिकिटाएवढं असलं म्हणून काय, घड्याळजींना लांबून कळलं. तू चौतीस वर्षांत भोपळ्याच्या पानावरची कीड चुकू दिली नाहीस.

मग मी तुझी सगळी पत्रं मांडून बसले. जानेवारीतल्या पहिल्या पत्रात एका पानावर एकवीस ओळी आहेत. आता अकरा. मध्ये दोन ओळी एकमेकींवर चढल्यात. पाकिटावरचा पत्ता तर तुझ्या अक्षरात नाहीच, कोणीतरी फार बारीक आणि सरळ लिहिलाय. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं अक्षर असंच असणार.

फोन चकाकतो एवढंच आहे का?

गेमचं म्हणशील तर मी मालकांना सांगून टाकलं, एक नंबर लावणार नाही. आत्याला न विचारता तिला खिडकीतून बाहेर फेकणं बरं नाही, आणि शिवाय ते खोटं आहे. ते म्हणाले, मग दहा मार्चपर्यंत दुसरं काहीतरी आणा, नाहीतर टरबूज. काल तिथल्या टीमने मला माझी खुर्चीसुद्धा दाखवली. तिला एक हात नाही.

टिचकी


१४ फेब्रुवारी

टिचके,

'म्हातारी, नमुना.' हे माझ्या फोटोखाली तू लिहिलंस. घड्याळजींना वाचायला सांगितलं तर त्यांना शेवटचा शब्द पुरा करता येईना, हसून हसून खोकला लागला. मी पाणी दिलं नाही.

बरं, आता माझा खुलासा.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टरांनी दोनदा तारीख दिली, मी दोनदा मोडली. एकदम नाही कसं म्हणायचं, म्हणून सांगितलं, भाचीचं लग्न आहे. दोन्ही वेळा. त्या दवाखान्यात तुझी दोन लग्नं झालेली आहेत, पुढेमागे कोणी अभिनंदन केलं तर गोंधळू नकोस.

भीती कसली? डोळ्याला कोणी हात लावायचा याची थोडी. पण खरी भीती वेगळी. मी जन्मभर एकच काम केलं, बघायचं. ऑपरेशनमध्ये काही बिघडलं तर मी कोण? धूसर का होईना, दिसतंय ना, मग त्यालाच धरून बसले होते.

तुझी चित्रं मी नीट पाहिलीच नाहीत. रंग पाहिले, हालचाल पाहिली, आणि बाकीचं ठोकून दिलं. नाक तेवढं दिसलं. पण मग विचार केला, फोनच्या दुकानात लोकांना तरी काय दिसतं? त्यांनाही तेवढंच दिसतं. म्हणजे माझ्याइतका लायक परीक्षक तुला मिळाला नसता. तेव्हा माझा निकाल मी बदलत नाही, लांबून कळतं ते एक नंबरच.

राहिला दुसरा नियम. पाकिटावर आहे ते आत पाहिजे. तू पाकीट बदलायला निघालीस. अगं, आम्हीसुद्धा लाल मुळ्याचं पाकीट फाडलं नाही. दुसऱ्या वर्षी लाल मुळ्याचं बी आणलं.

मला आत घे.

अटी दोन. सपाता एकच पडू दे, दोन्ही पडल्या तर बाई निष्काळजी दिसते. आणि मला गोड गोड बोलायला लावू नकोस.

आता मी आत असणार म्हटल्यावर बघायला डोळा लागेल. अठ्ठावीस फेब्रुवारीची तारीख घेतली आहे. रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, "नक्की ना? लग्नबिग्न काही नाही ना?"

आत्या


२० फेब्रुवारी

आत्या,

मी चार दिवस घरी फक्त झोपायला गेले.

इतकी सोपी गोष्ट मला दोन वर्षांत सुचली नव्हती. माझ्या गेममध्ये वारा कुठून यायचा? कुठूनही. खिडकी उघडली की आला. सगळे म्हणायचे छान आहे, पण अर्ध्या तासात बाजूला ठेवायचे. आता वारा तू आहेस. ज्या खिडकीवर टिचकी मारू त्या खिडकीत तू येतेस, गाल फुगवतेस आणि फुंकतेस. म्हातारी म्हातारीला फुंकते. फार जोरात फुंकलंस तर स्वतःच मागे उडून बाहेर पडतेस, एक सपाता गळते (एकच), आणि जिना चढून कुरकुरत परत येतेस. ते कुरकुरणं बघायला आमचा हिशेबनीस मुद्दाम हरतो.

तू बोलतेसही. सगळी वाक्यं तुझ्या पत्रांतून उचललीत. कोणी घाई केली की म्हणतेस, "तुझी घाई पोचली." चुकीची खिडकी उघडली की, "मला घाम फुटला." तीच चूक परत केली की नुसती टेबलावर मुळे मांडायला लागतेस. चौदाव्या मुळ्याला लेव्हल पहिल्यापासून सुरू.

मालकांना लेव्हल जिंकल्यावर फटाके हवे होते आणि 'वा, कमाल, जबरदस्त' अशी मोठी सोनेरी अक्षरं. मी म्हटलं, आत्याची अट आहे. मग काय दाखवायचं यावर दुपारभर वाद झाला, आणि मला तुझा शिक्का आठवला.

एका कोऱ्या कागदावर 'चालेल' उमटवून पाठवशील? खरा शिक्का हवाय, शाई पसरलेला. चित्रकाराकडून काढून घेतलेला नको.

अठ्ठावीसला मी येऊ का?

टिचकी


१ मार्च

सविनय नमस्कार. आपल्या आत्यांच्या सांगण्यावरून हे पत्र मी लिहीत आहे. मी खालचा घड्याळजी. त्या पलीकडे डोळ्याला पट्टी बांधून बसल्या आहेत आणि मी काय लिहितो ते मोठ्याने वाचून दाखवावं अशी त्यांची आज्ञा आहे.

एका डोळ्याचं ऑपरेशन काल नीट पार पडलं. डॉक्टरांनी सुरुवातीलाच विचारलं, "भाची कशी आहे? रुळली का सासरी?" बाईंनी सांगितलं, "दोन्हीकडे रुळली." ऑपरेशनच्या वेळी हलू नका म्हटलं होतं, पण डॉक्टरच हसत होते, त्यामुळे थोडा वेळ थांबावं लागलं.

तुम्ही येऊ नका असं त्या म्हणतात, गेम पुरा करा म्हणतात. मी आहे इथे. साखर आता मीच घालतो.

शिक्का सोबत आहे. अकरा वेळा उमटवून घेतला, दुसऱ्या डोळ्याला धूसरच दिसतं म्हणून बोटाने चाचपून त्यांनी हा पसंत केला. वाकडा आहे. सरळ केलेला पाठवू का विचारलं तर म्हणाल्या

(हे लिहू नका असं त्या म्हणत आहेत.)

आपला,
घड्याळजी


१९ मार्च

आत्या,

दहा मार्चला गेम दुकानात लागला. कव्हरवर एक नंबर. मी नऊ दिवस नखं खाल्ली, आता हातांची संपली आहेत.

आज मालकांनी आकडा सांगितला. शंभरात आठ. चाचणीपेक्षा एक कमी, पण जे आत येताहेत ते जात नाहीयेत. टरबुजाची खुर्ची दुसऱ्या कोणाला तरी दिली. आणि मालकांनी सुतार बोलावून आमची खिडकी खरवडून उघडून घेतली. का, ते सांगितलं नाही. वाऱ्याने सगळे कागद उडाले, तरी कोणी ती बंद केली नाही.

लोक दुकानात गेमखाली मतं लिहितात. तुला तीन उतरवून पाठवते.

'आजी उद्धट आहे. पाच तारे.'

'मुळे मांडायला लागली की फोन उलटा ठेवावा लागतो. माझ्या आईची आठवण झाली. पाच तारे.'

'पहिला चालेल मिळायला तीन दिवस लागले. बायकोला उठवून दाखवला.'

एकानेही लिहिलेलं नाही की कव्हरवर होतं ते आत नाही. मी रोज शोधते.

आता तुला दिसतंय ना? सोबत कव्हर पाठवतेय, या वेळी पानभर मोठं. नीट बघ. आणि खरं काय ते सांग.

टिचकी


२६ मार्च

टिचके,

माझं अक्षर बघ. पानावर चोवीस ओळी बसल्या आहेत.

पट्टी निघाली त्या दिवशी पहिल्यांदा फ्रिज दिसला. फार कळकट आहे. मग घड्याळजी दिसले. त्यांना इतकी वर्षं मी पांढऱ्या शर्टातला माणूस समजत होते, शर्टाला बारीक निळ्या रेघा आहेत.

कव्हर फ्रिजवर लावलं. सहा पावलं मागे गेले, वळले, आवंढा गिळला. मग जवळ जाऊन अर्धा तास बघितलं. खिडकी बरी. शहर बरं, डाव्या बाजूच्या दोन इमारतींची सावली उलट पडलीय पण ते कोणाला कळणार नाही. सपाता उत्तम. गाजर उत्तम. बाई भांडकुदळ नाही, तिला नुसतं स्पष्ट दिसतंय.

नाकाबद्दल मी आधी जे लिहिलं होतं ते चुकलं. काल आरशासमोर कव्हर धरून शेजारी शेजारी ताडून बघितलं. घड्याळजींनी फूटपट्टीने मापही घेतलं. चित्रातलं नाक खऱ्यापेक्षा बरंच लहान आहे. हे चित्रकाराने आपल्या मनाने केलं की कोणी त्याला गुपचूप फोन करून सांगितलं, ते मी विचारत नाही.

पण पाकिटावर आहे तेच आत पाहिजे. नाक वाढवून घे. मग शिक्का देते.

दुसऱ्या डोळ्याची तारीख आठ एप्रिल. तुझं लग्न नाही.

आत्या